मदरबोर्डवरचं रेड: कुणी लावलंय, कसं चाललं?

रेड म्हणजे दोन-तीन डिस्क जोडून एकच असल्यासारख्या वापरणं. त्यासाठीचं वेगळं कार्ड महाग पडतं, म्हणून बरेचजण बोर्डावर फुकट मिळणारं रेड वापरतात. डिस्क किंवा बोर्ड गेल्यावर तुमचं काय झालं? ऐकीव नको, स्वतः केलेलं लिहा. माझ्याकडे ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा) आहेत. विंडोजमध्ये ३.६३ दिसतात; दुसरी डिस्क जागा वाढवायला नाहीच. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क कशा चालवायच्या ते, ‘रेड’ केला आणि मगच विंडोज टाकलं. आधी टाकून नंतर मोड बदलला की बहुतेकदा निळा पडदा येतो.

नाशिक, फोटो स्टुडिओ
आमचं रेड ० (डेटा डिस्कवर वाटून; वेग मिळतो, पण एक गेली की सगळं गेलं). चालू एडिटिंगपुरतंच. लग्नाचे मूळ फोटो कायम वेगळ्या डिस्कवर. मागे एक डिस्क बसली, तेव्हा आठवड्याचं एडिट गेलं, लग्न वाचलं.

सांगली, कॉम्प्युटर दुरुस्ती
माझ्याकडे येणाऱ्या ‘रेड उडालं’च्या केसेसमध्ये कितीतरी वेळा डिस्क ठणठणीत असतात. बोर्डावरचा सेल संपलेला असतो. बायोस मूळ सेटिंगवर जातो, साटा मोड एएचसीआय (रेडशिवायचा साधा मोड) होतो आणि डिस्क सुट्या दिसू लागतात. रेड ० असेल तर एक डिस्क कोरी वाटते आणि विंडोज ‘इनिशियलाइझ करू का’ विचारतं. तिथे ओके दाबू नका! रेडची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते. नवा सेल घालून मोड परत ‘रेड’ केला की गाडी रुळावर येते.

डेटाच्या मिररमध्ये मात्र वेगळीच गंमत. दोन्ही डिस्कची सही (ओळखक्रमांक) एकच, म्हणून विंडोज एक ऑफलाइन ठेवतं आणि दुसरीवर बिनदिक्कत लिहीत राहतं. गिऱ्हाइकाला कळतही नाही. अशा वेळी चालू डिस्कवरचा डेटा आधी बाहेर काढायचा, मग रेडला हात लावायचा.

आणि कृपा करून प्रत्येक डिस्कवर पोर्ट नंबर लिहा.  बंद पडलेली सोडून चांगलीच उपसणारे रोज भेटतात.

कुडाळ
२ टीबीच्या तीन डिस्क, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो). पावसाळ्यात लाईट गेली की पुढच्या वेळी ‘व्हेरिफाय’ (डेटाची पडताळणी) सुरू, तासन्‌तास. तोवर मशीन रांगतं. चांगल्या रेड कार्डाला बॅटरी तरी असते, इथे अर्धवट लिहिलेलं सांभाळायला काहीच नाही. शेवटी मिरर केलं आणि यूपीएस घेतला. आता शांतता.

बंगळुरू, लिनक्सवाला
याला आमच्यात ‘फेक रेड’ म्हणतात, कारण बरंचसं काम ड्रायव्हर आणि प्रोसेसर करतात. इंटेलचा बोर्ड जळाला तेव्हा डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्या. एमडीएडीएमने (लिनक्समधलं रेडचं सॉफ्टवेअर) रेड ओळखलं, डेटा निघाला. नवीन मशीनवर मी बोर्डाचं रेड लावतच नाही, एएचसीआय ठेवून एमडीएडीएमच.

ठाणे
विंडोज एक्सपीच्या काळात विंडोज टाकताना एफ-६ दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर द्यायला लागायचा, आठवतंय? फ्लॉपी खराब निघाली की दिवस गेला.

सांगली, पुन्हा
बंगळुरूवाल्यांना पुरवणी: इंटेलचं मिरर असेल तर लिनक्सचीही गरज पडत नाही. इंटेलच्या रेडची नोंद डिस्कच्या शेवटी असते, म्हणून एकच डिस्क साध्या पोर्टला लावली तरी फाइली दिसतात. फक्त वाचा, लिहू नका. एएमडीचे बोर्ड वापरणारे गप्प का? लिहा की.