दिवाळीत भरलेली गाडी पंपावर उभी करून चालक घरी गेला. चूक कोणाची आणि यंदा काय करावे?

वाहतूकदार, लातूर (विचारणा)

नमस्कार. लातूरमध्ये माझा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. 14 गाड्या असून चालक, क्लीनर आणि कार्यालयातील माणसे धरून 23 जण माझ्याकडे काम करतात. गेल्या दिवाळीतील एक प्रसंग अजून मनातून जात नाही, आणि यंदाची दिवाळी पंधरा दिवसांवर आल्यामुळे तो इथे मांडतो आहे.

आमच्याकडे नऊ वर्षांपासून असलेला एक चालक नागपूरला तूरडाळ उतरवून धनत्रयोदशीच्या दुपारी मोकळा झाला. त्याचे गाव अर्धापूर तालुक्यात आहे. लक्ष्मीपूजनाला तू घरी असशील, असा शब्द मी त्याला आठ दिवस आधी दिला होता. पण त्याच दुपारी नागपूरच्या दलालाचा फोन आला. सोलापूरसाठी कागदाच्या रिळांचा माल तयार होता, भाडे चांगले होते, आणि इतक्या लांबून मोकळी गाडी आणायची म्हणजे डिझेलचा सगळा खर्च अंगावर घ्यायचा. मी चालकाला माल भरायला सांगितले. तो काही बोलला नाही. नरक चतुर्दशीला गाडी निघाली, रात्री अर्धापूरजवळ पोहोचली, आणि तिथल्या एका पेट्रोल पंपावर उभी करून तो घरी गेला. पाडव्याच्या संध्याकाळी परत येऊन त्याने गाडी हलवली. माल सोलापूरला उशिरा पोहोचला आणि व्यापाऱ्याने भाड्यातून 6,000 रुपये कापले. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदतही मध्येच संपली. मुदत संपल्यापासून आठ तासांच्या आत ती वाढवता येते म्हणून निभावले.

मी रागाच्या भरात ते 6,000 रुपये त्याच्या दिवाळीच्या रकमेतून वळते केले. त्यावर कोणी एक शब्द बोलले नाही. मात्र पुढच्या आठ महिन्यांत दोन जुने चालक सोडून गेले. यंदा खंडेनवमीला गाड्यांच्या पूजेसाठी 14 पैकी पाचच चालक आले. पूर्वी हीच माणसे सकाळी सात वाजता गाडी धुऊन, बोनेटला झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून नारळ फोडण्यासाठी माझी वाट पाहत उभी असायची.

भरलेला माल रस्त्यात ठेवून जाणे हा बेजबाबदारपणा आहे, असे मला तेव्हा वाटत होते आणि काही अंशी आजही वाटते. पण सोयाबीनची आवक नेमकी दसरा-दिवाळीतच अंगावर येते, गाड्या तेव्हाच लागतात आणि माणसांना घरीही तेव्हाच जायचे असते. अशा वेळी काय करावे? चालकाकडून किती अपेक्षा धरावी आणि आपण काय द्यावे?

निवृत्त चालक, केज

मालक, मी 31 वर्षे गाडी चालवली. तुम्ही स्वतःची बाजू झाकून ठेवली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चालकाची चूक सांगतो, कारण ती आहे. बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, माल आपल्या ताब्यात आला की तो उतरून पोहोच पावती हातात पडेपर्यंत आपला. घरी जायचेच होते, तर तुम्हाला फोन करून स्पष्ट सांगायला हवे होते की मी अर्धापूरला उतरणार आहे, दुसरा माणूस पाठवा. न सांगता गाडी सोडली आणि त्या दोन रात्रींत ताडपत्री फाडून माल गेला असता, तर विमा कंपनीने पहिला प्रश्न हाच केला असता की गाडीजवळ कोण होते.

आता मला एक सांगा. त्याने गाडी सोडली तेव्हा नेमकी कशी सोडली होती? पंपावर उजेडात लावली होती का? दोरखंड तपासले होते का? चावी कोणाकडे दिली होती? हे विचारण्याचे कारण असे की अंधारात रस्त्याच्या कडेला गाडी टाकून पळणारा माणूस वेगळा आणि व्यवस्था लावून जाणारा वेगळा. दोघांना एकच दंड लावला, तर नीट वागणाऱ्याला नीट वागण्याचे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. घराची ओढ लागलेला चालक रस्त्यावर फार धोक्याचा असतो. मी तिशीत असताना सोलापूरहून जालन्याला सिमेंट घेऊन निघालो होतो. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती आणि बहीण माझ्या घरी येऊन थांबलेली होती. आधीच्या रात्रीची झोप नव्हती. मांजरसुंब्याच्या घाटात वेळ आणि डिझेल वाचावे म्हणून मी गाडी न्यूट्रल करून सोडली. भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर सोडली की इंजिनाची ओढ सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दुसऱ्या वळणावर ब्रेक लायनर जळाल्याचा वास आला, तिसऱ्या वळणावर पेडल दाबूनही गाडी आवरेना. कशीबशी गिअरमध्ये घेतली आणि डाव्या बाजूच्या मातीच्या ढिगाऱ्यात चाके घातली. क्लीनर सतरा-अठरा वर्षांचा पोरगा होता. तो खाली उतरून चाकाजवळ बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. त्या दिवशी समोरून प्रवासी गाडी आली असती, तर काय झाले असते याचा विचार मी आजही करतो.

त्यामुळे तुमचा चालक अर्धापूरला थांबला याचे मला एका अर्थी बरे वाटले. त्याने मन मारून तसेच पुढे रेटले असते, तर अहमदपूर, चाकूर, औसा, तुळजापूर हा सगळा रस्ता त्याने न झोपता आणि मनात धुसफूस घेऊन कापला असता. पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळा कधी लागतो ते चालकाला स्वतःलाही कळत नाही.

स्टीलवाहतूक, जालना

आमच्या 22 गाड्या सळईसाठी चालतात. आम्हीही अशाच चुका केल्या, त्यातून जे सुचले ते लिहितो.

आम्ही पहिल्यांदा एक साधी गोष्ट तपासली. सणाच्या दिवशी पोहोचलेल्या गाड्या खरोखर उतरल्या का? आमच्या वहीत दोन वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला पोहोचलेल्या बहुतेक गाड्या गोदामाच्या बंद दरवाजासमोर उभ्या राहिलेल्या दिसल्या. हमाल गावी गेलेले, वजनकाटा बंद आणि व्यापारी चोपडीपूजनात. म्हणजे आम्ही चालकाची दिवाळी मोडून गाडी पळवत होतो आणि ती तिथे जाऊन दोन दिवस नुसती उभी राहत होती. आता दिवाळीच्या आठवड्यातील कोणतेही भाडे घेण्यापूर्वी आम्ही माल घेणाऱ्याला फोन करून हमाल कोणत्या तारखेला येणार ते विचारतो आणि ती तारीख बिल्टीवर लिहून घेतो. तुमच्या सोलापूरच्या व्यापाऱ्याचे गोदाम पाडव्याला उघडे होते का, हे एकदा जरूर विचारून पाहा.

दुसरे म्हणजे पाळी. आमच्याकडे मुस्लिम चालक बरेच आहेत. दिवाळीच्या चार दिवसांत ज्या थोड्या गाड्या चालवाव्याच लागतात, त्या ते स्वतःहून घेतात आणि रमजान ईदला त्यांच्या गाड्या बाकीचे चालक घेतात. ही पद्धत कार्यालयाने लादली नाही, ती चालकांनीच आपापसांत बसवली होती, आम्ही फक्त वहीवर आणली. शिवाय प्रत्येक चालक वर्षाच्या सुरुवातीला आपले दोन दिवस लिहून देतो. कोणी 14 एप्रिल लिहितो, कोणी पोळा, कोणी मुलीचा वाढदिवस. तुमच्या लातूर-धाराशिवकडच्या चालकांना येळवस (वेळ अमावास्या) विचारा. आमच्याकडचा औशाचा एक चालक दिवाळी सोडायला तयार असतो, पण येळवसीला शेतात जाऊन पांडव पुजायचे, भज्जी आणि आंबिल सगळ्यांनी मिळून खायची, हे तो सोडत नाही. कार्यालयाने सर्वांना एकाच सणाच्या मापाने मोजले की अशा गोष्टी कळत नाहीत.

परतीच्या भाड्याचा नियम आम्ही केला आहे. सुटीचा शब्द दिलेल्या गाडीला परतीचा माल घ्यायचा असेल, तर तो चालकाच्या गावापर्यंत किंवा त्याच्या अलीकडे उतरणारा असावा. पलीकडचा माल आला तर आधी चालकाला विचारायचे, आणि तो नाही म्हणाला तर गाडी मोकळी आणायची. डिझेलचा तोटा होतो, तो आम्ही सोसतो. नवा चालक शोधणे, त्याला गाडीची सवय होईपर्यंत बिघडलेले अॅव्हरेज आणि घासलेले टायर हे सगळे धरले, तर एक जुना चालक गमावणे त्याहून महाग पडते.

चालकाची पत्नी, परभणी जिल्हा

माझे यजमान बारा वर्षांपासून दुसऱ्या एका मालकाच्या गाडीवर आहेत. दिवाळीला ते येत नाहीत याचे दुःख होतेच, पण त्याची सवय करून घेता येते. सवय होत नाही ती ‘उद्या निघतो’ या शब्दाची. उद्या म्हणून मुलांना जागे ठेवायचे, उटणे भिजवून ठेवायचे आणि दुपारी फोन यायचा की मालकाने दुसरीकडे माल भरायला लावला. मागच्या वर्षी मी चकल्यांचा डबा आधीच गाडीत दिला होता. नरक चतुर्दशीला त्यांनी पहाटे चार वाजता कुठल्याशा पंपावरच्या नळाखाली उटणे लावून आंघोळ केली आणि मला फोन केला. तेवढ्यावर आम्ही दिवाळी मानली, कारण त्या वर्षी कार्यालयाने आधीच सांगितले होते की भाऊबीजेनंतरच सोडू, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खरोखर सोडले.

तुम्हाला एवढेच सांगते की तारीख उशिराची असली तरी खरी सांगा आणि ती घरीही कळवा. आणि दिवाळीच्या पगारातून उचल कापायची असेल, तर महिनाभर आधी सांगा. त्या पैशांवर मुलांचे कपडे आणि किराणा ठरलेला असतो.

कामगार कायद्याचे काम करणारा वकील, छत्रपती संभाजीनगर

वरील मते अनुभवाची आहेत, मी त्यांत कायद्याची बाजू जोडतो, कारण विचारणाऱ्याने स्वतः केलेली एक गोष्ट कायद्याच्या दृष्टीने अडचणीची आहे.

पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मोटार वाहतूक व्यवसायांसाठी 1961 पासून मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास काम, सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, साप्ताहिक सुटी आणि जादा कामाला दुप्पट मोबदला या तरतुदी त्यात होत्या. लांब पल्ल्याच्या फेऱ्या किंवा सण यांसाठी परवानगी घेऊन हे तास वाढवता येत, पण तेही दिवसाला 10 आणि आठवड्याला 54 तासांपर्यंतच. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत सामावला असला, तरी 8 तासांचा दिवस आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला कायम आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 91 मध्येही चालकाच्या कामाच्या तासांवर बंधन आहे. प्रत्यक्षात खेपेवर भत्ता ठरत असल्यामुळे हे तास कोणी मोजत नाही, आणि त्यामुळेच अपघातानंतर मालकाकडे दाखवायला काहीच नसते.

दिवाळीच्या रकमेविषयी सांगायचे, तर 20 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत वर्षात किमान 30 दिवस काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्याला किमान 8.33 टक्के बोनस मिळतो. तुमच्याकडे 23 माणसे आहेत. त्यामुळे ती रक्कम ही मालकाने खुशीने दिलेली भेट होती की हा बोनस, हे आधी पाहावे लागेल. बोनस असेल, तर त्यातून नुकसान वळते करण्याची मुभा मर्यादित आहे. गैरवर्तनामुळे झालेले नुकसान कापता येते, पण चालकाचे म्हणणे न ऐकता रागाच्या भरात घेतलेला निर्णय टिकणे अवघड आहे.

जबाबदारीचा दुसरा चेहराही ध्यानात ठेवावा. अपघात झाल्यास जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार चालकाचे कर्तव्य आहे. जीवघेण्या अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकासाठी भारतीय न्याय संहितेतील कलम 106 (2) मध्ये ठेवलेल्या 10 वर्षांपर्यंतच्या शिक्षेवरून जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, हे सर्वांना आठवत असेल. संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. त्या दिवसांत मला भेटलेल्या अनेक चालकांचे म्हणणे असे होते की रस्त्यावरचा सगळा दोष आमच्या माथी येतो, पण आम्हाला न झोपता पळवणाऱ्याचे नाव कुठेच लिहिले जात नाही. ते म्हणणे मला रास्त वाटते.

वाहतूकदार, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. केजच्या काकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आधी देतो. गाडी पंपाच्या दिव्याखाली लावली होती. त्याने ताडपत्री चारी बाजूंनी तपासून तिचे फोटो पाठवले होते, बॅटरीची तार सोडली होती आणि राखणदाराला स्वतःच्या खिशातून 200 रुपये दिले होते. सोबत संदेश होता, ‘मालक, गाडी सुखरूप आहे, पाडव्याला संध्याकाळी निघतो.’ तो संदेश मी तेव्हा वाचला होता, पण वर लिहिताना मला त्याची आठवणही झाली नाही.

आज सोलापूरलाही फोन केला. त्या व्यापाऱ्याचे गोदाम भाऊबीजेनंतरच उघडले होते. गाडी वेळेवर गेली असती, तरी माल उतरला नसता. मग 6,000 रुपये कशाचे कापले, असे विचारल्यावर तो म्हणाला की इतरांचेही कापतो, तुम्ही विचारलेच नाही.

चालकाचे 6,000 रुपये आज रोख दिले आणि माझे चुकले असे कार्यालयात सगळ्यांसमोर सांगितले. तो म्हणाला की मी फोन करायला हवा होता, पण तुम्ही नाही म्हणाला असता तर मला थांबता आले नसते. यंदाच्या चार दिवसांसाठी तीन गाड्या चालतील, बाकीच्या चतुर्दशीच्या आधी लातुरात उभ्या राहतील. त्या तीन गाड्यांवर कोण जाणार ते उद्या चालकांनीच बसून ठरवायचे आहे, आणि परतीच्या तारखा मी त्यांच्या घरी स्वतः फोन करून सांगणार आहे. जालन्याच्या दादांनी सुचवल्याप्रमाणे दोन दिवसांची वही आजच सुरू केली. पहिल्या पानावर सात नावे आली आहेत, त्यांतील पाच जणांनी येळवस लिहिली आहे.