विषय: मुलाचा बाप्तिस्मा, मॉर्मन चर्चमध्ये जाणे आणि तेथून परत फिरणे

प्रेषक: न्यू जर्सी येथील एक सभासद

सप्रेम नमस्कार.

हा विषय मंडळाच्या यादीवर मांडावा की नाही, याचा मी दोन आठवडे विचार करत होते. ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे ती माणसे पुण्यात आहेत आणि 'मॉर्मन' म्हणजे अनेक बायका करणारे लोक, याखेरीज त्यांना काही ठाऊक नाही; म्हणून अखेर येथेच लिहीत आहे. आमचा सत्तावीस वर्षांचा मुलगा युटामधील लीहाय येथे नोकरीला आहे. पुढच्या महिन्यात आपण बाप्तिस्मा घेणार असून त्यानंतर तेथील एका मुलीशी लग्न करणार आहोत, असे त्याने फोनवर सांगितले. मुलगी आम्हाला भेटली आहे आणि आवडलीही आहे. मुलाला अडवायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. ह्यांना ते ठरवायला वेळ लागला. मुलगा नेमके काय स्वीकारतो आहे आणि उद्या त्याला वाटलेच तर परत फिरता येते का, एवढे कोणी सांगू शकेल का?

---

प्रेषक: सॉल्ट लेक परिसरातील एक ज्येष्ठ सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

मी येथे एकतीस वर्षे राहतो आहे आणि या चर्चचा सभासद कधीच झालो नाही. मात्र आम्ही घर घेतले त्या दिवशी न बोलावता सामान उतरवायला आलेली नऊ माणसे 'वॉर्डा'ची, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीचीच होती. त्यामुळे माझे लिहिणे पूर्ण तटस्थ आहे, असे समजू नये. अनेक बायकांची गोष्ट आधी बाजूला ठेवू. ती प्रथा सोडत असल्याचे चर्चने १८९० साली जाहीर केले आणि आज कोणी तसे केले तर त्याचे सभासदत्व जाते. पुण्याच्या नातेवाइकांना हेही सांगा की, ही मंडळी पुण्याला अगदीच नवी नाहीत: १८५२ साली ह्यू फिंडले नावाचे त्यांचे मिशनरी मुंबईत उतरले होते आणि पुण्याच्या छावणीतील सैनिकांमध्ये त्यांनी एक छोटी शाखा उभी केली होती. ती टिकली नाही.

आत जाणे सोपे आहे. मिशनरी काही बैठकांत धडे देतात, मग मुलाखत होते आणि सगळे शरीर पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला जातो. पहिल्या भेटीपासून तेथवर पोहोचायला अनेकदा काही आठवडेच लागतात. मुलाखतीत चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्याद्वारे ख्रिस्ताच्या मूळ चर्चची पुनःस्थापना झाली असे मानता का, हे विचारतात. तसेच उत्पन्नाचा दहावा हिस्सा देणार का आणि दारू, तंबाखू, कॉफी व चहा सोडणार का, हेही विचारतात. होय, चहासुद्धा. हा नियम १८३३ सालचा आहे. गवती चहाचा काढा चालतो, आल्याचे पाणी चालते, अमृततुल्य चालत नाही. महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी, उपवास असतो आणि त्यात पाणीही घेत नाहीत. वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे असतात. साबुदाण्याच्या खिचडीची सोय त्यात नाही.

तुम्हाला खरी ठेच लागेल ती लग्नात. त्यांच्या मंदिरात होणारा विवाह मरणानंतरही टिकतो, अशी श्रद्धा आहे आणि त्याला 'सीलिंग' म्हणतात. मंदिरात जाण्यासाठी चर्चचे परवानापत्र लागते. ते दोन मुलाखतींनंतर मिळते, दर दोन वर्षांनी नवे करावे लागते आणि सभासद नसलेल्या आईवडिलांना मिळत नाही. माझ्या माहितीतील एका मराठी जोडप्याने मुलीच्या लग्नाचा तो सबंध तास मंदिराच्या प्रतीक्षाकक्षात बसून काढला. बाई पैठणी नेसून आल्या होत्या. पूर्वी अमेरिकेत बाहेर लग्न करून मग मंदिरात जायचे म्हटले, तर वर्षभर थांबावे लागे. मे २०१९ मध्ये ती अट काढली गेली. त्यातही नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्याला मंदिरविवाहासाठी साधारण वर्षभर थांबावेच लागते. तेव्हा लग्न लवकर ठरत असेल तर ते आधी बाहेर, सर्वांच्या देखत, अंतरपाट धरून व्हावे आणि सीलिंग त्यांनी पुढे केव्हा तरी करावे, असे तुम्ही निःसंकोच सुचवू शकता. त्यात त्यांचा नियम मोडत नाही.

एक व्यवहाराची बाब राहिली. भारतात घर किंवा जमीन असेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चे कलम २६ वकिलाला दाखवा. धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क त्याने जात नाही. परंतु धर्मांतरानंतर त्याला होणारी मुले, वारसा उघडतेवेळी, म्हणजे तो नातेवाईक वारतो त्या वेळी, हिंदू नसतील, तर हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीचे वारस होऊ शकत नाहीत. मृत्युपत्र वेळेवर केले तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

---

प्रेषक: मिडवेस्टमधील एक सभासद

काकू, नमस्कार.

काकांनी लिहिले ते सगळे खरे आहे, पण परत फिरण्याचा प्रश्न राहिला. मी विद्यार्थिदशेत बाप्तिस्मा घेतला होता आणि अकरा वर्षांनी नाव काढून घेतले, म्हणून तेवढ्याबद्दल लिहितो.

कागदोपत्री परत फिरता येते. नोटरीसमोर सही केलेला अर्ज पाठवला की नाव यादीतून निघते आणि त्याबरोबर बाप्तिस्मा व मंदिरातील विधी आपल्यापुरते रद्द झाले, असे मानले जाते. बहुतेक लोक एवढेही करत नाहीत, नुसते जायचे थांबतात. चर्च आपली संख्या १ कोटी ७० लाखांच्या वर सांगते, तीत असे पुष्कळजण आहेत. माझ्या बिशपने, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखाने, मला एकदा घरी येऊन विचारले आणि मी नकार दिल्यावर हात मिळवून तो निघून गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी शंका इतिहासातून सुरू झाली. जोसेफ स्मिथ यांच्या बायकांची संख्या तीस ते चाळीसच्या दरम्यान असावी, हे चर्चने स्वतःच्याच संकेतस्थळावरील निबंधांत २०१४ साली लिहिले. मला धडे देताना ते कोणी सांगितले नव्हते. तुमचा मुलगा ते निबंध आधीच वाचू शकतो आणि त्याने ते बाप्तिस्म्यापूर्वी वाचावेत, असे मला मनापासून वाटते.

जड गेले ते निराळेच. वॉर्ड गल्ल्यांच्या हद्दीवरून ठरतो, आपण तो निवडत नाही; त्यामुळे बाहेर पडलेल्या माणसाचे शेजारी, मुलांचे मित्र आणि आजारपणात डबा आणणारी माणसे एकाच वेळी तीच असतात, आणि त्यांच्या प्रेमळ चौकशीला रोज काय उत्तर द्यावे, हे कळत नाही. आणि सीलिंग. माझी पत्नी जन्मापासून त्या चर्चची. तिच्या दृष्टीने मी नुसता चहा प्यायला लागलो नव्हतो, अनंतकाळासाठी जोडलेल्या कुटुंबातून उठून गेलो होतो. स्वर्गात आपल्या घरातली एकही खुर्ची रिकामी राहू नये, असे तिच्या माहेरी सगळे म्हणतात. मी बाहेर पडलो तेव्हा तिला ती खुर्ची दिसत होती आणि मला तिचे रडणे. आम्ही एकत्र आहोत, पण त्यासाठी दोघांना तीन वर्षे समुपदेशकाकडे जावे लागले.

म्हणून मुलाला एवढेच विचारा, आणि मुलीच्या देखत विचारा: पाच-दहा वर्षांनी त्याचा विश्वास उरला नाही, तर हे लग्न कशावर उभे राहील? माझ्या लग्नाआधी आम्हा दोघांना हे कोणी विचारले नाही, आणि आम्हीही एकमेकांना विचारले नाही.

मंदिर बंद असले तरी रविवारची सभा सर्वांना खुली असते. दोन तासांचा कार्यक्रम असतो आणि पाहुण्यांना कोणी काही मागत नाही. तुमच्या यजमानांनाही घेऊन एकदा लीहायला जा आणि मुलाशेजारी बसून या.