३८ हजारांत कोणता मदरबोर्ड? (कोरल, फ्लेक्स आणि २५ पिनांचं लॉक)

अक्षरजुळारी (कराड), सोमवार रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. मशीन २०१४चं: चौथ्या पिढीचा आय३, एच८१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३. नगरपालिकेच्या निवडणुकीतल्या फ्लेक्सनी त्याचा जीव काढला. एक रॅमचा स्लॉट मेलाय. सकाळी बटण दाबलं की लांब बीप देतं. मग रॅम काढायची, सोनेरी पट्टी खोडरबरानं पुसायची, परत लावायची, तेव्हा कुठे उठतं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये १० बाय २० फुटांची फाइल उघडायला टाकून मी चहा पिऊन येतो. त्यात विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाले आणि हे मशीन ११ घेत नाही.

बजेट ३८ हजार. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आहेत. गेम खेळत नाही.

एक अडचण आहे. मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचं लॉक (ते खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही) पॅरलल पोर्टात, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या पोर्टात बसतं, तेच २५ पिनांचं. वीस वर्षांचे मजकूर त्या फॉन्टांत आहेत. विंडोज १० (६४ बिट) वर आत्ता चालतंय. नव्या बोर्डाला ते पोर्ट असतं का? जाणकारांनी सांगावं.

सहा_पंखे, १०:५५

३८ मध्ये काय होणार दादा, ५० करा. रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५. त्याचं एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) २०२७पर्यंत आणि पुढेही चालवणार असं रायझन बनवणाऱ्या एएमडीनेच सांगितलंय, म्हणजे उद्या नुसता प्रोसेसर बदलायचा. मी मे महिन्यात हाच बनवला. काचेचं कॅबिनेट, सहा आरजीबी पंखे. रात्री दिवे घालवून बघा एकदा. फोटो टाकतो.

लॅमिंग्टनचा_वारकरी, ११:०८

एक दिवस मुंबई गाठा. पेंटियम टूच्या जमान्यापासून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार तुडवतोय. पहिल्या दुकानात भाव विचारायचा, चौथ्यात घासाघीस करायची आणि दुसऱ्यात घ्यायचं.

दोन गोष्टी मात्र कुठेही घेतलंत तरी करा. बिलावर बोर्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. आणि दुकानातच खोका उघडून सॉकेटवरचं काळं झाकण काढायला लावून मोबाइलवर फोटो काढा. हल्ली पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. माझी एक पिन मोडलेली होती, घरी आल्यावर दिसली. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "ये तो आपने किया है." आठ हजार पाण्यात. तो बोर्ड अजून माळ्यावर आहे, बायको दर दिवाळीला विचारते काय करायचं याचं.

बंड्या_सॅनहोजे, ११:३१

इथे मायक्रो सेंटरला बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमचा कॉम्बो मिळतो, तुमचे भाव वाचून वाईट वाटलं. मी ९८००एक्स३डी घेतला, गेमिंगचा प्रोसेसर. कोणी येणारं असेल तर बोर्ड मागवून घ्या ना.

सदाशिव_पेठ_३०, ११:४४

बंड्या, बोर्डाची वॉरंटी ज्या देशात घेतला तिथली. बिघडला की कराडहून सॅन होजेला कुरिअर करायचा का? बाकी ९८००एक्स३डी वर पावतीपुस्तकं छान होतील यात शंका नाही.

मालवणी_खाजा, मंगळवार सकाळी ७:१५

बोर्ड-बिर्ड मागाहून बघा, आधी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि अर्थिंग. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा '४५० वॉट'चा डबा लावू नका. हातात घेऊन बघा, खेळण्यासारखा हलका असतो.

अनुभव सांगतो. आमच्याकडे कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला उलट्या हाताचं बोट लागलं की मुंग्या यायच्या. टेस्टर लावला तर मंद पेटायचा. सगळे म्हणायचे दमट हवा. हवा कसली! एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अर्थिंगकडे सोडलेले असतात. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज येऊन बसतं, ११०-११५. करंट किरकोळ, माणूस मरत नाही. पण मी चालू मशीनला प्रिंटरची यूएसबी खोचली, ठिणगी उडाली, प्रिंटरचं कार्ड आणि बोर्डाचे दोन पोर्ट गेले. आता अंगणात नवीन खड्डा, तांब्याची पट्टी. बायको सांडपाणी मुद्दाम तिकडेच ओतते.

एफ_ने_फसलेला, ८:०२

इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर आणि एच६१० बोर्ड, डीडीआर४वाला. तुमच्या बजेटात निवांत बसतं. पण प्रोसेसरच्या नावाअंती 'एफ' आहे का बघा. १२४००एफ दीडेक हजारांनी स्वस्त पडला म्हणून मी उड्या मारत आणला, जोडला, पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. दोन तास रॅम उलटीपालटी केली. एफमध्ये ग्राफिक्सच नसतं! दुकानदार परत घेईना, शेवटी जुनं कार्ड विकत घेतलं, म्हणजे वाचवले त्याच्या दुप्पट गेले.

सहा_पंखे, ८:२०

इंटेल? आत्ता? १३व्या-१४व्या पिढीचे चिप जळतायत हे वाचलं नाही का? शिवाय एच६१०ला रॅमचे दोनच स्लॉट. एएम५ घ्या, ५० करा.

एफ_ने_फसलेला, ८:३१

जळत नाहीत, जास्त व्होल्टेजने हळूहळू खराब होत होते. ऑगस्ट २०२४मध्ये इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरसाठीचा दुरुस्ती-अपडेट) दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. आणि मी सांगतोय ती १२वी पिढी, तिचा त्या भानगडीशी संबंध नाही. दोन स्लॉटांत ३२ जीबी बसते, पत्रिकेला अजून किती लागते?

सहा_पंखे, ८:३३

तेच. २०२४मध्ये दिला. तोवर लोकांनी काय करायचं होतं?

*(यापुढे दोघांचे चौदा प्रतिसाद आहेत. त्यात मदरबोर्ड नाही.)*

डीटीपीवाली (नागपूर), ११:५०

अहो, त्यांनी लॉकचं विचारलं आहे ना जी? कोणी वाचलंच नाही का?

अक्षरजुळारी, माझ्याकडेही असंच लॉक आहे, तीनदा हात पोळलेत. यूएसबी-टू-पॅरलल केबल घेऊ नका. ती फक्त प्रिंटर ओळखते, लॉक तिला दिसतच नाही. मी चारशे रुपये घालवले. मग बोर्डात खोचायचं पीसीआयई-पॅरलल कार्ड आणलं. विंडोजला पोर्ट दिसलं, सॉफ्टवेअरला नाही. जुनी लॉकं ३७८ या पत्त्यावर पोर्ट शोधतात आणि कार्ड भलत्याच पत्त्यावर बसतं. काहींचं चालतं म्हणे, माझं नाही चाललं.

बोर्डाच्या मागे ते पोर्ट आता मिळणं कठीण. पण काही स्वस्त ऑफिस-बोर्डांवर कडेला 'एलपीटी' (पॅरलल पोर्टचंच नाव) छापलेला हेडर, म्हणजे पिनांचा जोड असतो. तेरा-तेरा पिनांच्या दोन रांगा, त्यातली एक पिन गायब. त्याला पट्टीकेबलवालं ब्रॅकेट लावलं की मागे २५ भोकांचं पोर्ट येतं, आणि ते खऱ्या पत्त्यावर असतं. महागड्या गेमिंग बोर्डावर हे शोधू नका. दुकानात जायच्या आधी बोर्डाचं मॅन्युअल उतरवून त्यात 'एलपीटी' शोधा. नावात एक अक्षर बदललं तरी हेडर गायब होतो.

आणि विंडोज ११ मध्ये लॉकचा जुना ड्रायव्हर अडला तर कोअर आयसोलेशनमधलं 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करून बघा. सुरक्षा थोडी कमी होते, हे कळून करा.

युनिकोड_हाच_धर्म, १२:१०

मूळ रोगावर बोला. २०२५ मध्ये लॉकवाले फॉन्ट? युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१पासून, देवनागरी त्यात आहे. पानं जुळवायच्या तुमच्या पेजमेकर सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ची. लॉक विहिरीत टाका, मजकूर कन्व्हर्टरने बदला, पोर्टाचा प्रश्नच मिटला.

डीटीपीवाली, १२:२५

टाकते विहिरीत, पत्रिका तुम्ही जुळवून द्याल? कन्व्हर्टरमध्ये 'कुऱ्हाडे' आडनावाचं काय झालं ते वधूपित्याला तुम्हीच सांगा. आणि फुकटचे निम्मे फॉन्ट हिंदी वळणाचे. देठाचा 'श' नाही, पाकळीचा 'ल' नाही.

युनिकोड_हाच_धर्म, १२:३४

तो फॉन्टचा दोष, युनिकोडचा नाही. मराठी वळणाचे चांगले युनिकोड फॉन्ट आता आहेत. मराठी लिपीबद्दलच्या ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयातही तोच श आणि तोच ल आहे.

सदाशिव_पेठ_३०, १२:४०

शासन निर्णयाला एलपीटी हेडर आहे का तेवढं बघून सांगा.

पुसेगावचा_पाहुणा, १३:०५

जुनी ८ जीबी रॅम आहेच की, तीच लावा, तेवढे पैसे वाचतील.

एफ_ने_फसलेला, १३:०९

डीडीआर३ आहे ती. डीडीआर४च्या स्लॉटात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका.

लॅमिंग्टनचा_वारकरी, १३:४०

रॅमवरून आठवलं, रॅम आजच उचला. सगळा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे चाललाय. मायक्रॉनने तर क्रूशिअल हा रॅमचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलंय, फेब्रुवारी २०२६नंतर माल नाही. दसऱ्याला भाच्यासाठी १६ जीबी घेतली, परवा त्याच पैशांत दुकानदार ८ दाखवत होता. मी भाच्याला म्हटलं, विकतोस का?

अक्षरजुळारी, रात्री ९:३०

सर्वांचे आभार. बजेट ३८च आहे हो, ५० होणार नाही. डीटीपीवाली ताई, तुमचा प्रतिसाद छापून घेतलाय. खाजासाहेब, तुमचं वाचून टेस्टर लावला. पेटला. इतकी वर्षं मला वाटायचं पत्राच तसा असतो.

नवीन_सभासद_७, ९:४८

५० करा आणि एएम५ घ्या. वर कोणी सांगितलं नसेल तर सांगतो.

कृष्णाकाठ, १०:०५

कराडचेच का? आमच्या शेजाऱ्यांकडे तुमच्याच पत्रिका होत्या बहुतेक. १२४०० घ्या, एफ नको, १६ जीबी, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (तात्पुरत्या फाइलींची जागा) त्या एनव्हीएमईवरच ठेवा, चहाचा वेळ निम्मा होईल. एच६१०वर एनव्हीएमई तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालते, त्याचं दुःख करू नका, तुमच्या हार्डडिस्कपुढे ते विमानच आहे.

अक्षरजुळारी, पुढच्या रविवारी दुपारी ४:२०

मंडळी, मशीन झालं. आता सगळे ओरडतील.

कोल्हापूरला गेलो होतो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे एच६१०ची मॅन्युअलं चाळून गेलो. हेडरवाला एक बोर्ड सापडला होता, तो कुठेच शिल्लक नाही. चौथ्या दुकानात एक वयस्कर मालक गल्ल्यावर होते. एलपीटी म्हटल्यावर हसले, पोऱ्याला माळ्यावर पाठवलं. त्याने धूळ झटकत एच५१०चा खोका आणला, सीलबंद. कडेला हेडर. मालकांनी स्वतः पिना मोजून दाखवल्या, पंचवीस. मग दहाव्या पिढीचा आय५-१०४००ही तिथेच निघाला. विंडोज ११ घेतो.

बोर्ड ५,२००, प्रोसेसर ९,५००, १६ जीबी डीडीआर४ ८,२०० (इथे मात्र डोळे पांढरे झाले), ५०० जीबी एनव्हीएमई ४,६००, एसएमपीएस ३,१००, ब्रॅकेट १८०, यूपीएसची बॅटरी १,१५०. एकूण ३१,९३०. उरल्यातले अडीच हजार वायरमनला दिले, दुकानामागे खड्डा घेतोय. सॉकेटचा फोटो काढला, बिलावर नंबर घेतला.

सहा_पंखे, ४:२६

दादा!!! ११व्या पिढीनंतर तो सॉकेट मेला. २०२५ मध्ये २०२०चा प्रोसेसर? पुढे अपग्रेड काय करणार?

एफ_ने_फसलेला, ४:४१

पहिल्यांदाच सहापंख्यांशी सहमत. थोडं थांबला असता तर १२४०० जमलं असतं. आणि ५०० मालिकेच्या काही बोर्डांवर वरचा एम.२ (एसएसडीचा) स्लॉट दहाव्या पिढीबरोबर चालतच नाही, अकरावी लागते. बघितलंत ना?

अक्षरजुळारी, ५:०२

स्लॉट एकच आहे आणि एसएसडी दिसली. अपग्रेडचं म्हणाल तर अकरा वर्षांत मी मशीनमध्ये फक्त खोडरबर घातलंय. थांबलो असतो पण लग्नं थांबत नाहीत, शिवाय जिल्हा परिषद येतेयच.

लॉक पहिल्या झटक्यात उठलं नाही. बायोसमध्ये जाऊन पॅरलल पोर्ट ईपीपी मोडवर टाकलं, तरी नाही. मग ताईंचं ते मेमरी इंटिग्रिटी बंद केलं, मशीन परत चालू केलं, आणि उघडलं. पहिलं अक्षर मुद्दाम 'ऱ्हा' टाइप केलं.

डीटीपीवाली, ५:१५

वा! आता त्या लॉकला दुकानात कोणाला हात लावू देऊ नका बाप्पा. आणि त्या मालकांकडे तसा आणखी एक बोर्ड आहे का, विचाराल का? कुरिअरचे पैसे मी देईन.

युनिकोड_हाच_धर्म, ५:२०

दोन बोर्ड ठेवाल, तीन ठेवाल. लॉक एक दिवस मरेलच.

बंड्या_सॅनहोजे, ५:५८

कॅबिनेट कोणतं घेतलंत?

अक्षरजुळारी, ६:१०

जुनंच. पंखा एक आहे. ताई, उद्या फोन करतो त्यांना.