गिफ्टला स्मोक्ड माशांचे डबे, कुठले घ्यावेत?

कोथरूडचाबोका: साडूचा पन्नासावा आहे, माणूस अट्टल मासेखाऊ, मिठाई नको म्हणतो, म्हणून टिनमधले स्मोक्ड मासे द्यावेत असं डोक्यात आलंय, पण फ्रीजशिवाय टिकतात का?

सुकटप्रेमी: सीलबंद डबा टिकतो रे, सील केल्यावर चांगला तापवलेला असतो, व्हॅक्यूम पॅकमधला स्मोक्ड सामन मात्र फ्रीजमध्येच हवा. रीगा स्प्रॅट्स दिसले तर डोळे झाकून घे, बाल्टिकमधले बोटाएवढे मासे, धुरावून तेलात भरलेले. पुण्यात कॅम्पातल्या दोराबजीच्या दुकानात चक्कर मार. लेबल वाच पण, साधा सार्डिनचा डबा बहुतेक वेळा स्मोक्ड नसतोच.

पेठेतलाखवय्या: स्मोक्ड कालवं पण घे, टोस्टवर लिंबू पिळून भारी लागतात. आणि डब्यातलं तेल फेकू नका म्हणावं, गरम भातावर घ्या!!