कानात बोळे दिले की मालकाची जबाबदारी संपली का?

मागवाल्याची पोर:
आमचे आप्पा इचलकरंजीत 31 वर्षं यंत्रमागावर (पॉवरलूमवर) होते. आता टीव्ही एवढा मोठा लावतात की खालच्या काकूंना वेगळा लावावा लागत नाही, आणि आम्ही त्यांच्याशी बोलतो ते शेजाऱ्यांना भांडण वाटतं. परवा कानाची टेस्ट केली तर डॉक्टर म्हणाले हे नुसतं वयाचं नाही, आवाजाने गेलेत, परत येणार नाहीत. जुन्या मालकांना भेटलो तर म्हणे आम्ही इअरप्लग दिलेले, त्यांनी घातले नाहीत. आप्पांच्या काळच्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत, आवाजाने येणारा बहिरेपणा होता, कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार, बिसिनोसिस, पण होता. मग बोळे वाटले की विषय संपला?

खर्चीवाला:
ताई, आप्पांचं वाईट वाटलं पण एकच बाजू नको. माझे 12 माग, तेही खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर, मजुरी मीटरमागे पैशात मिळते आणि लाईटबिल रुपयात येतं. तरी दोनदा प्लग आणले, आठवड्यात खिडकीत पडलेले. कान गच्च होतो, घाम येतो, माग बिघडला तर आवाजावरून कळत नाही म्हणतात. मी काय प्रत्येकाच्या मागे उभा राहू? आणि मी पण त्याच शेडमध्ये असतो की.

रोखठोक:
सहमत. हेल्मेट घालत नाहीत, मास्क घालत नाहीत, मग सरकार आणि मालकाच्या नावाने बोंब.

कानसेन:
कानाच्या टेस्ट करणं हाच माझा धंदा म्हणून लिहितो. नियमाने 90 डेसिबलला 8 तास, 95 ला 4, 100 ला 2. धोट्याच्या (शटलच्या) मागाची शेड 90 च्या वर असतेच आणि पाळी 12 तासांची, करा हिशोब. आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं जातं, म्हणून माणसाला कळतच नाही, बोलणं ऐकू येतं पण स, श, ट गळतात आणि तो म्हणतो तुम्हीच पुटपुटताय. प्लग हा शेवटचा उपाय हो, आधी धोट्याला फटका मारणारे झिजलेले पिकर बदला, मागाखाली रबर घाला, पाळी कमी करा. आवाजावरून माग कळतो हे खरंय, पण कान गेल्यावर तोही कळणार नाही.

रोखठोक:
पाळी कमी केली तर मजुरी कोण देणार, तुम्ही?

जुना जॉबर:
रोखठोकराव, मजुरी मीटरवर आहे, माग थांबला की पैसे थांबले, त्यात कोण कान सांभाळत बसतंय. छातीचं पण तसंच. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, नंतर जरा बरं वाटतं, दवाखान्यात दमा म्हणून पंप देतात, काय काम करता कोणी विचारत नाही. आणि ईएसआयला (सरकारी कामगार विम्याला) 10 माणसं लागतात, म्हणून एकाच शेडमधले माग बायको, भाऊ, मेव्हणा यांच्या नावावर. कागदावर कुठेच 10 होत नाहीत. हजेरी कार्ड नाही, कामाला लागताना कान तपासलेले नाहीत, मग किती गेलं ते दाखवणार कशावर?

मागवाल्याची पोर:
हेच. आप्पांकडे 31 वर्षांचा एक कागद नाही. दिवाळीच्या बोनसच्या पिशव्या आहेत फक्त.

खर्चीवाला:
माझे पण माग भावाच्या नावावर आहेत, लपवत नाही. प्लग घालायचे कामगारानेच, या मतावर मी ठाम आहे. पण लागताना टेस्ट करून घ्यायला हवी होती हे मान्य. कानसेन, एका माणसाला किती खर्च येतो? 4 जण आहेत. पाच धरा, घरचे म्हणतात मी फोनवर ओरडतो.