मदत हवी आहे : डॉ. श्रीराम लागू यांच्या नाट्यप्रयोगाच्या जुन्या हस्तपत्रिकेविषयी

साताऱ्यातील आमचा जुना वाडा आवरताना काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एका नाट्यप्रयोगाची हस्तपत्रिका सापडली. तिचा वरचा भाग वाळवीने खाल्ला असून नाटकाचे नाव गेले आहे. मात्र 'प्रमुख भूमिका : डॉ. श्रीराम लागू' आणि 'रविवार, दि. 14 फेब्रुवारी' एवढे स्पष्ट वाचता येते. गंजलेल्या टाचणीने जोडलेले अर्धे तिकीटही सोबत आहे.

डॉक्टरांचा जन्म 1927 साली साताऱ्यातच झाला, त्यामुळे या कागदाचे आम्हाला अंमळ जास्तच अप्रूप आहे. कान-नाक-घशाची शल्यचिकित्सा सोडून ते 1969 मध्ये पूर्णवेळ रंगभूमीवर आले, 1970 मध्ये 'नटसम्राट'मधील अप्पासाहेब बेलवलकर उभे केले आणि 1972 च्या 'पिंजरा'तील मास्तर घरोघरी पोहोचला. दिनदर्शिका ताडून पाहिली असता त्या काळात 14 फेब्रुवारीला रविवार 1971 आणि 1982 या दोनच वर्षी येतो. कागदाचा पोत पाहता माझा कल 1971 कडे आहे, परंतु तेवढ्यावर निर्णय देणे धाडसाचे होईल.

यांपैकी कोणत्या वर्षी साताऱ्यात त्यांचा कोणता प्रयोग झाला, हे कोणाच्या घरातील ज्येष्ठांना आठवत असल्यास, अथवा त्या आठवड्याच्या स्थानिक वृत्तपत्रातील जाहिरात कोणी जपून ठेवली असल्यास कृपया कळवावे. टाचणीचा गंज कागद न फाटता कसा काढावा, हेही जाणकारांनी सांगावे. लॅमिनेशन करण्याचा सल्ला मात्र नको.