सोसायटी ग्रुप: गेटची भिंत आणि जुन्या गोव्याची सहल

*बी-303:* 📷 हा जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिका या चर्चचा फोटो. तिथल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या 3 डिसेंबरच्या फेस्ताला (सणाला) बस काढायची का, ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्या. आणि गेट कमिटीला एक सूचना: हा लाल चिरा (जांभा दगड) किती देखणा दिसतोय बघा. आपल्या नव्या गेटच्या भिंतीलाही असाच उघडा ठेवूया. गिलाव्याचा खर्च वाचेल.

*डी-104:* 👍👍 मस्त लूक

*ए-701:* ताई, नेमकं उलटं उदाहरण निवडलंत. हा लूक जेमतेम पंच्याहत्तर वर्षांचा आहे. चर्चचं काम 24 नोव्हेंबर 1594 ला सुरू झालं, 15 मे 1605 ला आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी ते अभिषिक्त केलं. तेव्हापासून साडेतीनशे वर्षं बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो 1950 च्या सुमारास पोर्तुगीज सरकारचे वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांनी उतरवला. 1952 मध्ये, ज्यांची समाधी इथे आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या निधनाला 400 वर्षं होणार होती, मोठा सोहळा ठरला होता. त्याआधी इमारत 'प्राचीन' दिसावी ही इच्छा.

*डी-104:* म्हणजे जुनी दिसावी म्हणून जुना गिलावा काढला? 😅

*ए-701:* हो. आणि चिरा तेव्हापासून दर पावसाळ्यात थोडा थोडा सुटतोय.

*बी-303:* पण काका, कोकणात कितीतरी घरं उघड्या चिऱ्याची असतात. ती कुठे पडतात?

*सी-502:* मी उत्तर देतो. त्या घरांच्या पागोळ्या बघा. कौलं भिंतीच्या बाहेर दोन-तीन फूट येतात, भिंतीवर पाऊस थेट कमीच बसतो. शिवाय घर एक मजली. इथे दर्शनी भिंत 78 फूट उंच, 75 फूट रुंद, त्यावर छज्जा असा नाहीच. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस, बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि वारा पश्चिमेकडून. भिंत अक्षरशः पाणी पिते.

चिरा खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. उघड्यावर ठेवला की वरचा थर कडक होतो. पण आतून तो छिद्रांचाच दगड. लोहाच्या ऑक्साइडची जाळी आणि तिच्या पोकळ्यांत पांढरट-पिवळी माती. पाणी आधी माती धुऊन नेतं, मग जाळी एकटी उरते आणि ठिसूळ होते. म्हणून फोटोत जो 'टेक्श्चर' म्हणून आवडतो, तो मुळात झिजेचा खड्डा असतो. बोट घातलं तर बोटाला लाल भुकटी लागते. (चर्चच्या भिंतीत बोटं घालू नका, आपल्या कंपाउंडच्या मागच्या भिंतीला घालून बघा.)

*ए-701:* अगदी. आणि जाणारं पाणी एका दिशेने जात नाही. भिंत ओली, मग ऑक्टोबरचं ऊन, पाणी बाहेर येताना क्षार पृष्ठभागाखाली जमतात आणि पापुद्रा ढकलतात. सांध्यांत चुना, त्यात बी पडलं की पिंपळ. रोप नुसतं उपटलं तर मूळ आत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमाने येतं.

*ई-201:* दर्शनी भागाला काळा दगड आहे ना पण?

*ए-701:* आहे, आणि वसईकरांनी तो मुद्दाम बघावा. तो बसाल्ट आपल्याच वसईहून गेलाय असं नोंदलेलं आहे. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती, आणि गोव्यात तर सगळा चिरा. चिऱ्यावर बारीक कोरीव काम होत नाही, कडा टिकत नाही. म्हणून भिंतीचं अंग चिऱ्याचं, आणि खांब, चौकटी, पट्ट्या अशा ज्या जागी धारदार कड हवी तिथे काळा दगड. खालून वर असं वाचा: तळाला तीन दारं, मधलं मोठं, त्यावर तीन चौकोनी खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या, आणि सगळ्यात वर कोरीव चौकट, त्यात येशूच्या नावाची आयएचएस ही अक्षरं. ती जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाची खूण. चारही टप्प्यांवर वेगवेगळ्या शैलींचे खांब आहेत, युरोपातल्या कुणा काटेकोर शिक्षकाने नाक मुरडलं असतं, पण उभं राहून बघितलं तर भिंत हलकी वाटते ती त्यामुळेच.

*सी-502:* काका, मनोरा नाही हे सांगा. लोक समोरून बुरूज शोधत बसतात.

*ए-701:* हो, समोर मनोरा नाही, घंटा मागच्या बाजूला. शेजारची से कॅथेड्रल समोरून लंगडी दिसते, तिचं कारण वेगळं: तिचा एक मनोरा 1776 मध्ये पडला. बॅसिलिकेच्या उत्तरेकडच्या भिंतीला बाहेरून जे तिरपे टेकू आहेत, ते नंतरचे. भिंत बाहेर झुकू नये म्हणून.

*बी-303:* आत काय बघायचं? मुलांना रांगेत उभं करून कंटाळा नको.

*एफ-402:* आम्ही दर वर्षी नोव्हेनाला (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांना) जाणारी मंडळी, म्हणून सांगते. आत दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी नाहीत, एकच रुंद दालन. समोरच्या सोनेरी वेदीवर खाली बाळ येशू (चर्चचं नाव त्यावरूनच), त्यावर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची साधारण 3 मीटर उंच मूर्ती, त्यावर सूर्यकिरणांत पुन्हा आयएचएस आणि सगळ्यात वर पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा). उत्तरेच्या भिंतीत कोचीनचा कप्तान जेरोनिमो मास्कारेन्हास याचं स्मारक दिसेल. तो 1593 मध्ये वारला, त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशांतून हे चर्च उभं राहिलं. सगळे संतांकडे धावतात, देणगीदाराकडे कोणी बघत नाही.

वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की संत झेवियर यांची समाधी उजव्या हाताला. चांदीची पेटी 1636-37 मध्ये गोव्यातल्याच सोनारांनी केली, तिच्यावर संतांच्या आयुष्यातले प्रसंग उठावात आहेत. खालचा संगमरवरी ओटा मात्र इटलीचा: तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याची भेट, शिल्पकार फोज्जिनी, तयार व्हायला दहा वर्षं, आणि 1698 मध्ये तिथे जोडला. मुलांना चार ब्राँझच्या पाट्या दाखवा, खालच्या ओट्यात बसवल्या आहेत.

*डी-104:* शरीर जसंच्या तसं राहिलंय हे खरं का?

*एफ-402:* नीट सांगते. संत 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर वारले. पेटीत चुना भरला, हेतू उलटाच होता: मांस लवकर जावं आणि हाडं नेता यावीत. 1553 मध्ये उघडलं तेव्हा शरीर टिकलेलं होतं. मलाक्कामार्गे 1554 च्या मार्चमध्ये गोव्यात आलं, उजवा हात 1614 मध्ये रोमला पाठवला. आज जे आहे ते वाळलेलं, लहान झालेलं आहे. श्रद्धेने बघा, 'ताजं' म्हणून मुलांना सांगू नका.

*सी-502:* चुन्याने शरीर गेलं नाही, आणि चुना काढला म्हणून भिंत चाललीय. 🙏

*बी-303:* दर्शन जवळून मिळतं?

*एफ-402:* नाही. पेटी उंचावर आहे, खालून काचेतून अंदाजच येतो. खाली आणतात ते फक्त दहा वर्षांतून एकदा. मागचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025. पुढचं 2034 मध्ये. 3 डिसेंबरला मिस्सा (चर्चची मुख्य प्रार्थना) बाहेर मांडवात असते, पहाटेपासून एकामागोमाग, आणि पायी येणारे यात्रेकरूही असतात. भक्ती करायची असेल तर फेस्ताला चला. दगड बघायचा असेल तर जानेवारीतल्या साध्या मंगळवारी. दोन्ही एका दिवसात होणार नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन जवळ.

*ई-201:* मग आता सरकार पुन्हा गिलावा का करत नाही? जागतिक वारसा आहे ना?

*ए-701:* यादीत 1986 पासून आहे. वाद दोन बाजूंनी खरा आहे. 2020 मध्ये चर्चच्या रेक्टरांनी (प्रमुख धर्मगुरूंनी) जाहीरपणे सांगितलं की भिंत आणि छप्पर जपा. दुसरी बाजू म्हणते, वारसा म्हणून नोंद झाली ती उघड्या चिऱ्याची, तोच लोकांच्या मनात आहे. शिवाय सत्तरहून जास्त वर्षं झिजलेल्या भिंतीवर नवा थर धरेल का? माझं मत स्पष्ट आहे, गिलावा करावा. पण आधी कोपऱ्यात लहानसा तुकडा करून दोन पावसाळे बघावा.

*सी-502:* आणि सिमेंट अजिबात नको. सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक, श्वास घेत नाही. पाणी मागे अडकतं, मग सिमेंट पडताना चिऱ्याचा चेहरा घेऊनच पडतं. पारदर्शक वॉटरप्रूफिंगची फवारणीही तशीच: आधी दोन वर्षं छान, मग क्षार मागे साचून पापुद्रा.

चुन्याचं साधं माप: विझवून निदान काही आठवडे मुरवलेला चुना 1, स्वच्छ गाळलेली वाळू 3. कोकण-गोव्यात पूर्वी शिंपल्यांचा भाजून केलेला चुना वापरायचे. हिरडा आणि गुळाचं पाणी आपल्याकडच्या जुन्या कामांत मिसळत. भिंत आधी ओली करायची, पहिला थर 10-12 मिमी, तो घट्ट झाला की वरचा 3 मिमीचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो, त्याला आठवडे लागतात. म्हणून ओलं गोणपाट टांगून उन्हापासून वाचवायचा आणि कामाची वेळ पावसाळा संपल्यावर. मेमध्ये घाईत केलं की जूनमध्ये धुऊन जातं. आणि चुन्याची सफेदी दर वर्षी, ती विसरली की बाकी सगळं व्यर्थ.

*बी-303:* सगळे एवढं सांगताय, पण नुसतं सोडून दिलं तर काय होतं?

*ए-701:* टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा मनोरा बघून या, पायी दहा मिनिटं. 46 मीटरचा मनोरा, चिऱ्याचाच. मठ 1835 मध्ये ओस पडला, 1842 मध्ये कमान कोसळली, 1931 मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. उरलेला अर्धा उभा आहे.

*डी-104:* बरं, गेटचं काय? मिटिंग रविवारी आहे.

*सी-502:* चिरा ठेवा, पण वर सहा इंच बाहेर येणारं दगडी टोपण, खाली एक फूट काळा दगड जमिनीच्या ओलीसाठी, आणि चुन्याचा गिलावा. कंत्राटदार 'चुना' म्हणून पांढरं सिमेंट लावतील, म्हणून कोटेशनमध्ये चुना हा शब्द आणि माप दोन्ही लिहून घ्या.

*बी-303:* ठीक. सफेदी दर वर्षी कोण करणार, त्याचंही नाव लिहा. आणि बसचं काय ठरलं, फेस्त की मंगळवार?